मे महिन्यातले स्वेटर उतरले: बाणेरच्या आमच्या इमारतीतील स्मार्ट ऊर्जा व्यवस्थेचे परीक्षण

पुण्यातील बाणेर भागातली आमची इमारत सात मजल्यांची असून तिच्यात लहानमोठी अकरा कार्यालये आहेत. एसीसाठी पाणी गार करणारे यंत्र म्हणजे चिलर गच्चीवर, त्या पाण्याने हवा गार करून पंख्याने मजल्यावर सोडणारे एएचयू प्रत्येक मजल्याला एक आणि महावितरणची उच्चदाब जोडणी सगळ्यांना मिळून एकच, अशी येथील रचना आहे. गाळेधारकांच्या समितीवर वीज आणि देखभाल हे काम माझ्याकडे असल्यामुळे गेल्या वर्षी जूनमध्ये बसवलेल्या स्मार्ट ऊर्जा व्यवस्थेचा अनुभव मी रोज जवळून घेतला आहे. वर्षाचे तिन्ही ऋतू पाहून झाल्यावरच लिहायचे, असे मी ठरवले होते. कंपनीचे नाव मात्र येथे देत नाही, कारण पुढे सांगितलेल्या बहुतेक उणिवा अशा कोणत्याही व्यवस्थेत राहू शकतात आणि घेणाऱ्याने त्या स्वतःच तपासायला हव्यात.

व्यवस्था येण्यापूर्वीची स्थिती आधी सांगितली पाहिजे. सकाळी सात वाजता सुरक्षारक्षक काका सातही मजल्यांचे एएचयू एकापाठोपाठ एक सुरू करत असत. इतक्या लवकर कशाला, असे मी एकदा विचारले तेव्हा ते म्हणाले, "साहेब, सातला लावलं नाही तर नऊला ओरडा बसतो." त्यांचे काहीच चुकत नव्हते, त्यांच्या हाती बटणाखेरीज दुसरे साधन नव्हते. तिसऱ्या मजल्यावरील हिशेब विभागात ऐन मे महिन्यात दोन भगिनी स्वेटर घालून बसत आणि त्यांच्या डोक्यावरील, गार हवा सोडणाऱ्या जाळीला कुणीतरी पुठ्ठा चिकटवलेला होता. तेथे मी तापमान मोजले तेव्हा ते २१ अंश भरले. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २०१८ मध्ये एसी २४ अंशांवर ठेवण्याचा सल्ला दिला आणि वाढवलेल्या प्रत्येक अंशामागे सुमारे ६ टक्के वीज वाचते, असा त्यांचा अंदाज आहे. म्हणजे बाहेर ३८ अंशांचे ऊन असताना माणसांना कुडकुडायला लावण्यासाठी आम्ही सगळे मिळून पैसे भरत होतो.

नव्या व्यवस्थेत प्रत्येक मजल्यावर तापमान, आर्द्रता आणि कार्बन डायऑक्साइड मोजणारे सेन्सर आहेत, एएचयूच्या पंख्यांना त्यांची गती कमीजास्त करणारी उपकरणे म्हणजे व्हीएफडी जोडले आहेत आणि हे सारे एका नियंत्रकाकडून चालते. यातील पंख्याची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. पंख्याला लागणारी वीज त्याच्या गतीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. त्यामुळे गती ८० टक्क्यांवर आणली की वीज जवळजवळ निम्म्यावर येते, आणि बसलेल्या माणसाला तो फरक क्वचितच जाणवतो. सकाळी यंत्रे किती वाजता सुरू करायची, हेही आता व्यवस्थाच बाहेरच्या हवेवरून ठरवते. डिसेंबरात ती नऊच्या जेमतेम वीस मिनिटे आधी जागी होते, मे महिन्यात तासाभराहून अधिक आधी. सगळे मजले एकदम सुरू न होता थोड्या थोड्या अंतराने सुरू होतात. उच्चदाब ग्राहकाला महिन्यातील कमाल मागणीवर, म्हणजे एका वेळी पडलेल्या विजेच्या सर्वाधिक भारावर, केव्हीए या एककाप्रमाणे आकार भरावा लागतो, त्यामुळे बिलातील तो आकडा खाली येण्यास याचा थेट उपयोग झाला.

पहिले दोन महिने मात्र मनस्तापाचे गेले. तिसऱ्या मजल्याचा सेन्सर कंपनीच्या माणसांनी झेरॉक्स यंत्रामागच्या खांबावर बसवला होता. यंत्राची गरम हवा सरळ त्याच्यावर येत असे. परिणामी पडद्यावर २६ अंश दिसत आणि व्यवस्था त्या मजल्यावर आणखी गार हवा सोडत राही. मी एक साधा तापमापक हिशेब विभागातील टेबलावर तीन दिवस ठेवला आणि दर तासाला आकडे लिहून घेतले. तेथे २२ अंशांच्या वर पारा गेलाच नाही. सेन्सर हलवण्याचे काम अर्ध्या तासाचे होते, पण त्यासाठी माणूस यायला सहा आठवडे लागले. व्यवस्था कितीही हुशार असली तरी तिचे डोळे चुकीच्या जागी असतील तर ती चुकीचाच निर्णय घेणार, आणि ही जागा ठरवताना त्या मजल्यावर रोज बसणाऱ्या एकालाही कुणी विचारले नव्हते.

पावसाळ्यात वेगळाच प्रश्न उभा राहिला. जुलैमध्ये पुण्यात बाहेरचे तापमानच २५-२६ अंशांवर येते, त्यामुळे आतले तापमान ठरल्याप्रमाणे असल्याचे पाहून व्यवस्था गार पाण्याचा झडप बंद करून नुसता पंखा चालू ठेवी. हवेतील ओलावा एएचयूमधील गार कॉइलवरच, म्हणजे गार पाणी खेळणाऱ्या नळ्यांवरच, पाणी होऊन गळतो. कॉइल गार नसेल तर तो आतच राहतो. पडद्यावर सगळे हिरवे दिसत असताना लोक कोंदटपणाची तक्रार करत होते आणि फायलींना दमट वास येऊ लागला होता. आर्द्रतेचा सेन्सर बसवलेला होता, पण निर्णयात त्याला स्थानच दिले नव्हते. आम्ही हट्ट धरल्यावर ते दिले गेले आणि ऑगस्टअखेरीस तक्रारी थांबल्या.

येथे सुखकरतेबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते. माणसाला हवा सुखकर वाटणे हे हवेचे तापमान, भोवतालच्या पृष्ठभागांची उष्णता, वाऱ्याचा वेग, आर्द्रता, अंगावरचे कपडे आणि तो करत असलेले श्रम या सहा गोष्टींवर अवलंबून असते. डेन्मार्कचे संशोधक फँगर यांनी १९७० च्या सुमारास मांडलेल्या गणितानुसार, सर्वांत अनुकूल स्थितीतही सुमारे ५ टक्के माणसे असमाधानी राहतातच. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या पुढाकाराने भारतीय कार्यालयांत झालेल्या अभ्यासात असे दिसले, की बाहेरची हवा तापते तशी आतली थोडी अधिक उष्णताही आपल्या लोकांना चालते. म्हणून सर्वांसाठी एकच आकडा हा आग्रह सोडून माणसाला आपल्या जागेपुरता अधिकार देणारी व्यवस्था मला श्रेष्ठ वाटते.

या कसोटीवर आमची व्यवस्था उतरली, याचे श्रेय तिला द्यायला हवे. प्रत्येक विभागात भिंतीवर एक छोटे पॅनेल आहे. त्यावर वर आणि खाली अशी दोनच बटणे आहेत, आणि त्यांनी दीड अंशापर्यंतचा बदल तीन तासांसाठी करता येतो. एप्रिलमध्ये पुण्याची हवा कोरडी असते, म्हणून आम्ही छताला पंखे लावून दुपारी २६ अंश ठेवून पाहिले. हिशेब विभागातून एकही तक्रार आली नाही, आणि जाळीवरचा पुठ्ठा तर त्या भगिनींनी स्वतःच काढून टाकला. त्याच महिन्यात पहाटेची गार हवा आत घेऊन भिंती आणि स्लॅब थंड करण्याचा पर्याय सुरू केला. रात्री गारवा उतरणाऱ्या पुण्यासारख्या शहरात तो फार उपयोगी आहे. पश्चिमेकडील काचेजवळ बसणाऱ्यांची दुपारची तगमग मात्र कायम आहे. तेथे हवा २५ अंशांवर असली तरी तापलेली काच अंगावर उष्णता टाकत राहते, आणि त्यावर बाहेरून सावली करण्याला पर्याय नाही. हा दोष व्यवस्थेचा नसून आमच्या इमारतीच्या काचेच्या हौसेचा आहे.

दिव्यांच्या सेन्सरविषयी एवढेच सांगतो, की पाच मिनिटे हालचाल न दिसल्यास दिवे घालवणे वाचत बसलेल्या माणसावर अन्याय करणारे आहे. ती मुदत आम्ही पंधरा मिनिटांची करून घेतली.

माझा खरा आक्षेप कंपनीच्या बचतीच्या दाव्यावर आहे. पहिल्या सादरीकरणात त्यांनी व्यवस्था येण्यापूर्वीचा मे महिना आणि नंतरचा जुलै महिना शेजारी ठेवून फरक दाखवला. जुलैत पुण्यात एसीची गरज आपोआपच कमी होते. ती बचत पावसाची होती. आम्ही मागील वर्षाचा तोच महिना, बाहेरचे तापमान आणि किती कार्यालये भरलेली होती, या तिन्ही गोष्टी धरून तुलना मागितली. बचत त्यातही दिसली, पण दाव्यापेक्षा बरीच कमी. गुंतवणूक वसूल व्हायला त्यांनी सांगितल्यापेक्षा अधिक काळ लागेल, हे समितीने आता मान्य केले आहे.

या वर्षीच्या मे महिन्यात वळवाच्या पावसाने इंटरनेट गेले, तेव्हा सहा वाजता बंद व्हायची यंत्रे रात्री दहापर्यंत चालू राहिली, कारण वेळापत्रक कंपनीच्या सर्व्हरवर होते. संध्याकाळच्या महाग दरात चार तास रिकामी इमारत थंड होत राहिली. आता वेळापत्रक इमारतीतील नियंत्रकातच साठवले जाते.

एवढे सगळे असूनही ही व्यवस्था काढून टाकण्याचा विचार कुणाच्या मनात आलेला नाही, आणि मध्यम आकाराच्या कार्यालयीन इमारतींना ती घेण्याचा सल्ला मी मनापासून देईन. वार्षिक देखभाल कराराचे नूतनीकरण पुढील महिन्यात आहे. सेन्सरची तक्रार सात दिवसांत मिटवणे, आमच्या मीटरची सर्व नोंद आमच्याच ताब्यात देणे आणि दर ऋतूच्या सुरुवातीला माणसाने प्रत्यक्ष येऊन प्रत्येक मजल्यावर टेबलापाशी तापमान मोजणे, या तीन अटी आम्ही मसुद्यात घातल्या आहेत. पहिल्या दोन कंपनीने स्वीकारल्या आहेत. तिसरीवर बोलणी चालू आहेत.