रिमोटचे दिवे आणि हिरवी वायर

घरात रिमोटवर चालणारे दिवे बसवून घ्यायचं मनात असेल, तर वायरमनला काम सांगण्याआधी हे वाचा. आम्ही फसलो. पैसे गेले, त्याचं दुःख आहेच. पण जवळजवळ दोन महिने आमच्या घरातल्या यंत्रांच्या पत्र्यात वीज उतरलेली होती आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता, हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

दिवे हवे होते ते आईसाठी. मांडीचं हाड मोडल्यापासून ती काठी घेऊन चालते. रात्री उठायचं तर पलंगापासून दारापर्यंत अंधारात चाचपडत जायचं, कारण बटणं दाराशी. एकदा त्याच वाटेवर ती पडता पडता वाचली. उशाशी रिमोट असावा, पडल्या पडल्या तिच्या खोलीतला, बोळातला आणि न्हाणीघरातला दिवा लागावा, एवढंच आम्हाला हवं होतं.

ओळखीतून एकजण आला. बोलायला गोड, हातात नमुन्याची फळी: एक दिवा, एक छोटा रिसीव्हर (रिमोटचा इशारा पकडून दिवा लावणारी डबी) आणि तीन पिनांची वायर. पिन सॉकेटमध्ये घातली, शेजारच्या खोलीत जाऊन त्याने रिमोट दाबला, दिवा लागला. “ताई, टीव्हीच्या रिमोटसारखं समोर धरायला नको. आजी पांघरुणातूनसुद्धा लावतील.” यात खोटं काहीच नव्हतं. टीव्हीचा रिमोट अवरक्त किरणांवर चालतो आणि ते भिंतीपाशी अडतात. हा रेडिओ लहरींवरचा होता, 433 मेगाहर्ट्झचा, त्यामुळे भिंत मध्ये आली तरी चालत होता. आई हरखली. तिनेही दोन-तीनदा दाबून पाहिला.

मग त्याने खोल्या मोजल्या, दिवे मोजले आणि आकडा सांगितला. तीन चतुर्थांश रक्कम आधी मागितली, आम्ही दिली. लेखी काही घेतलं नाही.

आमची चूक नेमकी इथे झाली. आकडा सांगेपर्यंत त्याने एकही स्विचबोर्ड उघडून पाहिला नव्हता, आणि मला ते खटकलं नाही, कारण का खटकायला हवं हेच माहीत नव्हतं.

ते आता सांगते. साध्या बटणाला दोनच वायरी लागतात. एकीतून फेज, म्हणजे वीज घेऊन येणारी बाजू, येते, दुसरीतून ती दिव्याकडे जाते. न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी वायर, वरच्या वर छतातून थेट दिव्याला जोडलेली असते, बटणापर्यंत ती यायचं कारणच नसतं. म्हणून कितीतरी घरांत, विशेषतः जुन्या वायरिंगच्या, दिव्यांच्या स्विचबोर्डात न्यूट्रल सापडतच नाही. रिमोटचा रिसीव्हर मात्र दिवा बंद असतानाही जागा राहून रिमोटची वाट बघत असतो, त्यासाठी त्याला स्वतःला थोडी वीज सतत लागते. म्हणजे त्याला फेजही हवी आणि न्यूट्रलही. नमुन्याच्या फळीला दोन्ही सॉकेटमधून मिळत होत्या. आमच्या भिंतीतल्या डब्यात न्यूट्रल नव्हती.

यावर सरळ उपाय आहेत. पाइपात जागा असेल तर वरून नवी न्यूट्रल ओढून घेता येते. नाहीतर रिसीव्हर भिंतीत न बसवता वर दिव्यापाशी बसवता येतो, तिथे न्यूट्रल असतेच. न्यूट्रलशिवाय चालणारे रिसीव्हरही मिळतात, मात्र काही एलईडी दिवे त्यांच्यावर बंद केल्यावरही मिणमिणत राहतात. प्रत्येक उपायाला वेळ लागतो किंवा जास्तीचं सामान लागतं. आमच्याकडे आलेल्याने यातलं काहीच केलं नाही. स्विचबोर्डात अर्थिंगची हिरवी वायर मात्र आलेली होती. तीच त्याने न्यूट्रलच्या जागी जोडली.

असं केलं तरी दिवे लागतात, आणि फसायला होतं ते त्यामुळेच. अर्थिंग आणि न्यूट्रल दोन्हींकडून वीज परत जाऊ शकते, त्यामुळे रिसीव्हर सुरू होतो, रिमोट चालतो, मालक खूश होतो. पण अर्थिंगच्या वायरीतून एरवी वीज वाहायचीच नसते. एखाद्या यंत्राच्या पत्र्यात बिघाडाने वीज उतरली तर तिला जमिनीत न्यायचं, एवढ्यासाठी ती असते.

घराला ते कळलं होतं आणि त्याने सांगायचा प्रयत्नही केला. पहिल्या खोलीचं काम झालं, सगळं ठीक. तिसऱ्या खोलीचे रिसीव्हर जोडले आणि घरातली वीज गेली. मेन बोर्डातल्या आरसीसीबीची, म्हणजे विजेची गळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचची, दांडी खाली पडली होती. आत गेलेली आणि परत आलेली वीज सारखी आहे की नाही, एवढंच तो सतत तपासत असतो. घरगुती आरसीसीबी बहुधा 30 मिलिअँपिअरचा (मिलिअँपिअर म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग) असतो, म्हणजे एवढा फरक पडला की त्याने पडलंच पाहिजे, आणि 15 मिलिअँपिअरच्या पुढे तो कधीही पडू शकतो. एकेका रिसीव्हरची काही मिलिअँपिअर वीज न्यूट्रलऐवजी अर्थिंगमधून परत जात होती. एका खोलीपुरतं ते खपलं, तीन खोल्यांची बेरीज झाल्यावर आरसीसीबीने आपलं काम केलं.

तो माणूस म्हणाला, “ताई, हा आरसीसीबी जुना झालाय, उगाच पडतो. मी करतो बंदोबस्त.” पंधरा मिनिटं मेन बोर्डापाशी उभा राहिला आणि परत वीज गेली नाही. मी त्याचे आभार मानले.

बंदोबस्त काय केला ते नंतर दिसलं. आरसीसीबीतून घराकडे जाणाऱ्या वायरी काढून त्याने त्या आरसीसीबीच्या अलीकडेच जोडून टाकल्या होत्या. दांडी वर होती, बघणाऱ्याला सगळं शाबूत दिसत होतं, पण घराची वीज त्यातून जातच नव्हती. लक्षात ठेवा, नुसता एमसीबी, म्हणजे वायरीवर जास्त भार आला की वीज तोडणारा स्विच, माणसाला वाचवत नाही. तो पडतो कित्येक अँपिअरला, वायर जळू नये म्हणून. माणसाला साधारण एक मिलिअँपिअरला झिणझिण्या जाणवतात आणि दहाच्या पुढे-मागे स्नायू आखडून हातातली वस्तू सोडवेनाशी होते. एमसीबीच्या लेखी हे आकडे शून्यच.

पुढचे काही आठवडे बारीकसारीक तक्रारी निघत राहिल्या. न्हाणीघरातला दिवा एक दिवस बंदच होईना. कारण असं की एलईडी दिव्यांच्या आतल्या सर्किटमध्ये चालू होण्याच्या क्षणी विजेचा मोठा झोत जातो, आणि रिसीव्हरमधला रिले, म्हणजे आतला विजेवर चालणारा स्विच, हलका असेल तर त्याचे पॉइंट एकमेकांना चिकटून बसतात. नमुन्याच्या फळीवरचा रिसीव्हर बंद डबीतला होता, त्यावर प्रमाणपत्राची खूण आणि अँपिअरचा आकडा छापलेला होता. भिंतीत मात्र उघडी सर्किटं निघाली, काळी चिकटपट्टी गुंडाळून कोंबलेली.

एकदा रात्री दोन वाजता आईच्या खोलीतला दिवा आपोआप लागला. ती दचकून उठून बसली. तसंच पुन्हा दोनदा झालं. शेवटी उलगडा झाला: त्याच माणसाने शेजारीही काम केलं होतं, आणि त्यांच्या रिमोटचं बटण दाबलं की आमच्याकडचा दिवा लागायचा. अशा स्वस्त रिमोटमध्ये ठरलेला एकच कोड असतो. प्रत्येक घरासाठी तो वेगळा करून रिसीव्हरला शिकवायचा असतो. त्याने सगळीकडे पाकिटातून निघाला तसाच ठेवला होता. त्याला फोन केला तर “उद्या येतो”. तो उद्या आला नाही. मग फोन उचलणंही थांबलं.

हे सगळं मी सहन केलं असतं. एका सकाळी आई कपडे काढायला गेली आणि वॉशिंग मशीनच्या कडेला हात लागताच ओरडली. पाय ओले होते. म्हणाली, मुंग्या चावल्यासारखं झालं. मी आधी मशीनचं बटण बंद केलं, मग टेस्टर लावला. टेस्टर लागला. बटण बंद असतानाही लागला. पिन सॉकेटमधून उपटून काढली तेव्हाच विझला. भावाला वाटलं मशीनच बिघडलं. पण फ्रिजलाही टेस्टर लावला तर तिथेही तेच.

मेन बंद करून एका जुन्या, जाणत्या इलेक्ट्रिशियन काकांना बोलावलं. बंद मशीनमध्ये वीज आणि पिन काढली की नाही, एवढं ऐकूनच ते म्हणाले, “मशीनला हात लावू नका, मशीन ठीक आहे. वीज अर्थिंगमधून येतेय.” बटणाने फक्त फेज तुटते. अर्थिंगची पिन मशीनच्या पत्र्याला जोडलेलीच राहते, म्हणून बटण बंद असून उपयोग नव्हता. त्यांनी विचारलं, “एवढ्यात घरात वायरिंगचं काय काम केलं?” मी रिमोटचं सांगितलं. त्यांनी आईच्या खोलीतली प्लेट उघडली, टॉर्च धरला आणि मला जवळ बोलावून हिरवी वायर दाखवली. नंतर मेन बोर्ड उघडला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

आमची अर्थिंगची मुख्य जोडणी कधीतरी गंजून सैल झाली होती. ती पक्की असती तर रिसीव्हरची वीज मुकाट्याने जमिनीत गेली असती आणि आम्हाला कधी कळलंही नसतं. ती तुटल्यावर सगळ्या खोल्यांतल्या रिसीव्हरमधून आलेल्या विजेला जायला वाट उरली नाही, आणि अर्थिंगला जोडलेल्या प्रत्येक पत्र्यावर ती चढली. आणि जो आरसीसीबी अशा वेळी वीज तोडतो, तो बाजूला काढलेला. काकांनी मेन तेवढ्यापुरती चालू करून आमच्यासमोर त्याचं टेस्टचं बटण दाबलं. दांडी खाली पडली. घरातले दिवे तसेच चालू राहिले.

कुठल्याही घरात ही तपासणी एका मिनिटात होते, म्हणून कळकळीने सांगते: वायरिंगचं कसलंही काम झालं की कामगार घरातून बाहेर पडण्याआधी ते टेस्टचं बटण दाबा. दांडी पडून वीज गेली पाहिजे. दांडी पडली नाही, किंवा पडूनही वीज राहिली, तर मेन बंद करा आणि पैसे देऊ नका. आणि आरसीसीबी वारंवार पडत असेल तर त्याला दोष देणाऱ्याचं ऐकू नका. गळती कुठून होतेय ते त्या माणसाला शोधायला लावा.

काम सुरू होण्याआधी एकच प्रश्न विचारा: “रिसीव्हरला न्यूट्रल कुठून घेणार?” खरं काम करणारा लगेच एक प्लेट उघडून बघेल आणि न्यूट्रल नसेल तर वायर ओढावी लागेल, खर्च वाढेल, असं तोंडावर सांगेल. “ते मी बघतो, तुम्ही काळजी करू नका” असं उत्तर आलं, तर त्याला तिथूनच परत पाठवा. शेजारच्या सर्किटची न्यूट्रल उसनी घेतो म्हणाला तरी नाही म्हणा, कारण एक एमसीबी बंद करून कुणी काम करायला गेला तर त्या वायरीत दुसरीकडची वीज खेळत असते. दिव्याच्या सर्किटची न्यूट्रल त्याच सर्किटची हवी. प्लेट बंद करण्याआधी प्रत्येक डब्याचा आतून फोटो काढून घ्या. आम्ही काढले असते तर हिरवी वायर पहिल्याच दिवशी कुणाला तरी दाखवता आली असती, आणि त्या माणसापुढे धरायला काहीतरी हातात असतं.

भिंतीवरची बटणंही काढू देऊ नका. आमची दोन ठिकाणी काढली होती, त्यामुळे रिमोटचा सेल संपला की अंधार. वीज जाऊन परत आल्यावर दिवा चालू होतो की बंद राहतो, हेही आधीच विचारून ठेवा. काही रिसीव्हर सगळे दिवे एकदम लावतात.

भावाने त्या माणसाला एकदा गाठलं. तो म्हणाला, “इतकी वर्षं असंच करतोय, कुणाला काही झालं नाही.” पैसे परत मिळाले नाहीत. आम्ही त्याने काम केलेली जी चार-पाच घरं माहीत होती तिथे स्वतः जाऊन सांगितलं. शेजारच्यांच्या बोर्डातही हिरवीच वायर निघाली.

काकांनी सगळे रिसीव्हर काढले, अर्थिंगची जोडणी नवी केली, आरसीसीबी परत जागेवर जोडला. आईच्या खोलीत पाइपात जागा होती, तिथे न्यूट्रल ओढली. बोळात आणि न्हाणीघरात रिसीव्हर वर दिव्यापाशी गेला. रिमोट नवे, कोड वेगळा. आता ते नीट चालतात आणि आई रात्री उजेडात उठते. वॉशिंग मशीनचं झाकण मात्र ती अजून लाकडी पट्टीने उघडते. काकांनी तिच्यादेखत मशीनवर तळहात टेकवून दाखवला, तरी.