गिअरबॉक्स खाली उतरलाच नाही, बिल मात्र ओव्हरहॉलचं

इंदूरकडे ऑटोमॅटिक पिकअप चालवणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. आमच्याकडून १,३५,००० रुपये घेतले ते गिअरबॉक्सच्या ओव्हरहॉलचे (म्हणजे पूर्ण उघडून दुरुस्तीचे), आणि तो गिअरबॉक्स गाडीखालून उतरवलेलाच नव्हता.

गाडी माझ्या दादाची. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्याला क्लच दाबवत नाही, म्हणून मुद्दाम ऑटोमॅटिक घेतली. ठिबकचे पाइप आणि पंप मानपूर, धामनोदकडच्या शेतांवर पोचवायचे, त्यावरच त्याचं घर चालतं. पावसाळ्यात भेरूघाटात गाडी एकाच गिअरला अडकली, डॅशबोर्डवर दिवा लागला. बंद करून पुन्हा सुरू केली की थोडा वेळ ठीक चालायची, मग परत तेच. हे लक्षण लक्षात ठेवा.

गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, पी०७०० हा कोड दाखवला आणि म्हणाला, "भिया, गियरबॉक्स तो गया." पी०७०० चा अर्थ तसा नसतो. गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरमध्ये काहीतरी बिघाड नोंदला गेलाय, एवढंच तो कोड सांगतो. कोणता बिघाड, ते त्या कॉम्प्युटरमधले पुढचे कोड वाचल्यावर कळतं. ते त्याने वाचले नाहीत, किंवा वाचून सांगितले नाहीत.

मग त्याने ऑइल पॅन उघडून आतल्या लोहचुंबकावरचा करडा थर बोटाने दादाला दाखवला. "देखो, लोहा घिस गया." खरं तर चुंबक तिथे बसवलेलाच त्यासाठी असतो. थोडीफार झीज होणारच, आणि लोण्यासारखी मऊ, बारीक पूड जमणं नेहमीचं आहे. बोटांना टोचणारे चकाकते तुकडे निघाले तर काळजी. तेल काळं पडून जळका वास येत असेल तरी काळजी. दादाने काढलेल्या फोटोत तेल लालसर दिसतंय. पण धंद्याची गाडी उभी राहिली की माणूस घाबरतो, आणि या लोकांना नेमकं तेच हवं असतं.

बिलात क्लच प्लेटा, सोलेनॉइड, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये बसणारा भाग) सगळं लिहिलं होतं. जुने पार्ट मागितले तर "भंगारात गेले". गाडी काही दिवस नीट चालली आणि पुढच्या जोरदार पावसात पुन्हा अडकली.

मेकॅनिक नगरमधल्या एका वयस्कर मिस्त्रींनी आधी गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर वाचला. पी०७२०, म्हणजे आउटपुट स्पीड सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष. कनेक्टरमध्ये पाणी शिरून पिना हिरव्या पडल्या होत्या. बाहेर जाणारा शाफ्ट किती वेगाने फिरतोय हे कळलं नाही की कॉम्प्युटर गिअर बदलणं थांबवतो आणि बचावासाठी गाडी एका गिअरमध्ये धरून ठेवतो. पिना बदलून, वायर नीट करून १,८०० रुपयांत काम झालं. पहिल्या गॅरेजमध्ये कनेक्टर काढून घातला गेला असणार आणि कोड पुसले असणार, म्हणून मधले दिवस बरे गेले.

नंतर मिस्त्रींनी गाडीखाली टॉर्च मारून दाखवलं. इंजिनाला गिअरबॉक्स जोडणाऱ्या बोल्टांवर कंपनीने मारलेल्या रंगाच्या रेघा तशाच सलग होत्या, वर जुना चिखल वाळलेला. गिअरबॉक्स खाली घेतल्याशिवाय टॉर्क कन्व्हर्टर बाहेर येऊच शकत नाही. एकही बोल्ट फिरलेला नव्हता. इतका उघडा खोटेपणा! माझं डोकं अजून तापतं.

आता गॅरेजवाला म्हणतो, गाडी धंद्याची आहे, तुम्ही ग्राहक नाही. हे साफ खोटं आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार फक्त स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी कामाची धरत नाहीत. आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ. तिथे जायला दोन वर्षांची मुदत असते.

गिअरबॉक्स उघडायला देण्याआधी सगळे कोड कागदावर लिहून घ्या, आणि जुने पार्ट परत मिळतील हे एस्टिमेटवरच लिहून घ्या. ओव्हरहॉल आधीच झालं असेल आणि शंका असेल तर गाडी धुऊ नका. आधी त्या बोल्टांचे फोटो काढा.