आधी काढायचं की आधी वाचायचं? फ्लोरिडा आणि इलिनॉय

2023 मध्ये अमेरिकेतल्या दोन राज्यांनी शालेय ग्रंथालयांबाबत अगदी उलट दिशेचे कायदे केले.

फ्लोरिडात ‘यात लैंगिक वर्णन आहे’ अशी हरकत आली की पुस्तक पाच शालेय दिवसांत कपाटातून काढायचं आणि निकाल लागेपर्यंत ते मुलांना द्यायचं नाही. म्हणजे आधी शिक्षा, मग चौकशी. एस्कॅम्बिया काउंटीत तपासणीसाठी बाजूला काढलेल्या सोळाशेहून अधिक पुस्तकांत चक्क शब्दकोशही होते! हरकत घेणाऱ्या रहिवाशाचं मूल त्या शाळांत असण्याचीही गरज नाही. अशा रहिवाशांना महिन्याला एकच हरकत, ही मर्यादा 2024 मध्ये घालावी लागली, यातच काय ते आलं.

इलिनॉयने आर्थिक नाड्या हातात घेतल्या. राज्याचं अनुदान हवं असेल तर ग्रंथालयाने अमेरिकन लायब्ररी असोसिएशन या ग्रंथालय संघटनेचा, ‘मतं पटत नाहीत म्हणून पुस्तकं काढू नयेत’ असं सांगणारा हक्कनामा स्वीकारायचा, नाहीतर पुस्तकबंदी करणार नाही असं लेखी धोरण ठेवायचं. 1 जानेवारी 2024 पासून हे लागू आहे. गोम अशी, की अनुदानावर पाणी सोडणाऱ्याला हा कायदा अडवत नाही.

लहान मुलाच्या हाती काय पडतं याची पालकांना काळजी असणारच, हे मान्य. पण आपल्या मुलापुरतं ‘नको’ म्हणता येतं की! त्यासाठी सगळ्या शाळेचं कपाट कशाला रिकामं करायचं? मला इलिनॉयचा लंगडा कायदा परवडतो. फ्लोरिडाचा ‘लैंगिक कृतीचं वर्णन’ हा मोघम निकष तर ऑगस्ट 2025 मध्ये फेडरल न्यायाधीशांनीच घटनाबाह्य ठरवला.