अ‍ॅक्टिव्ह सपोर्टचं 'डीप ट्रान्सफॉर्म कीज': पाचात चार तारे

देवगडातल्या आंबा बागायतदारांच्या ऑर्डरी आणि पेटीवरची लेबलं सांभाळणारा प्रोग्रॅम मी रुबी या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलाय. हंगामात ऑर्डरी येतात वेबसाइटवरून, कुरिअरकडून आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या एक्सेलमधून. माल तोच, पत्ता तोच, पण एकाकडे 'पिन', दुसऱ्याकडे 'पिनकोड', तिसऱ्याकडे 'झिप'. त्यात एका कुरिअरने ऐन एप्रिलात, काही न कळवता, सगळ्या कीज, म्हणजे माहितीच्या तुकड्यांना दिलेली अशी नावं, बदलली. पाडाला लागलेला आंबा आपल्या कोडसाठी थांबत नाही!

कीज बदलायचं रुबीचं स्वतःचं मेथड (तयार क्रिया) 'ट्रान्सफॉर्म कीज' आवृत्ती २.५ पासून, म्हणजे २०१७ पासून आहे. ३.० पासून त्याला जुन्या-नव्या नावांचा तक्ता थेट देता येतो. वापरायला फार सोपं, आणि कीजचा क्रमही जागच्या जागी राहतो. जुनी की डिलीट करून तिचीच किंमत नव्या नावाने घातली, तर ती हॅशच्या (की आणि किंमत अशा जोड्यांच्या साठ्याच्या) शेवटी जाते आणि सीएसव्ही फाइलमधले रकाने हलतात. पण हे सगळं वरच्या एकाच थरापुरतं. ऑर्डरच्या आत ग्राहक, ग्राहकाच्या आत पत्ता, शेजारी पेट्यांचा अ‍ॅरे, म्हणजे यादी. तिथवर ते पोचत नाही.

'डीप ट्रान्सफॉर्म कीज' पोचतं. अ‍ॅरेमधल्या हॅशमध्येही शिरतं. त्यासाठी रेल्स या वेब फ्रेमवर्कचा सगळा संसार मांडायला लागत नाही, त्यातलाच अ‍ॅक्टिव्ह सपोर्ट हा जेम (रुबीचं तयार पॅकेज) घ्यायचा आणि हॅशच्या कीजपुरती फाइल रिक्वायर करायची, म्हणजे प्रोग्रॅममध्ये ओढून घ्यायची. एक गैरसोय आहे: तक्ता थेट घेत नाही, ब्लॉकच लागतो, म्हणजे प्रत्येक कीसाठी चालणारा कोडचा तुकडा. मी ब्लॉकमध्ये तक्त्यावर 'फेच' लावते. नवं नाव असेल तर ते, नसेल तर आहे तेच. कुरिअरने नावं बदलली तेव्हा तक्त्यातल्या ओळी बदलल्या आणि बाकी कोडला हात लावावा लागला नाही.

एक तारा कापला त्याचं कारण असं. हे मेथड फक्त नाव बघतं, ते कुठल्या थरावर आहे ते बघत नाही. आमच्या ऑर्डरीत 'नेम' दोन ठिकाणी आहे: ग्राहकाचं आणि मालाचं. 'नेम'चं 'कन्सायनी' (माल घेणारा) करायला सांगितलं की दोन्हीकडे होतं. चाचणीच्या लेबलवर ग्राहकाचं नाव झकास आलं आणि मालाची ओळ कोरी. बागायतदार काकांनी लेबल हातात घेतलं आणि पहिलाच प्रश्न: "पेटयेत काय आसा ता खंय लिवलंस गो?" ब्लॉकला फक्त की मिळते, ती कुठून आली हे कळत नाही, त्यामुळे इथे ब्लॉकमध्ये कितीही अटी घातल्या तरी उपयोग नाही. अशा वेळी ग्राहकाच्या हॅशवर साधं 'ट्रान्सफॉर्म कीज' वेगळं लावायचं आणि पेट्यांच्या अ‍ॅरेला हात लावायचा नाही.

दुसरी गोष्ट जास्त जपायची. 'फोन' आणि 'मोबाइल' दोघांनाही 'संपर्क' नाव दिलं, तर नंतरचा नंबर राहतो, आधीचा जातो. ना एरर, ना वॉर्निंग. पैसे देणारा रत्नागिरीत आणि पेटी उतरवून घेणारा दादरला असेल, तर नेमका लागणारा नंबर गेलेला असू शकतो. म्हणून मी नावं बदलण्याआधी आणि नंतर त्या थरावरच्या कीज मोजते.

तक्ता स्ट्रिंगमध्येच, म्हणजे साध्या मजकुरात, ठेवा. जेसन, म्हणजे ऑर्डरी ज्या मजकुरी स्वरूपात येतात ते, पार्स केल्यावर (वाचून हॅश केल्यावर) कीज स्ट्रिंग असतात. तक्ता सिंबॉलचा (रुबीतल्या नावांच्या वेगळ्या प्रकाराचा) असला तर 'फेच'ला काही सापडत नाही आणि हॅश जसाच्या तसा परत येतो.

या मेथडचं बँगवालं, म्हणजे नावाच्या शेवटी '!' असलेलं, रूप मूळ हॅशच बदलतं. पोचलेल्या पेटीवरून वाद झाला की कुरिअरने पाठवलेला जेसन जसा आला तसा दाखवावा लागतो, त्यामुळे मी ते वापरत नाही.