पॅनिक बटणाचा क्लास: पहिला दिवस वसूल, दुसरा प्रोजेक्टरवर

माझं कोल्हापुरात ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे, २२ वर्षं झाली. गेल्या महिन्यात पुण्यात एका खाजगी संस्थेचा दोन दिवसांचा कोर्स केला. विषय होता प्रवासी गाड्यांतले ट्रॅकर आणि पुढं येणारं 'गाडीनं गाडीशी बोलणं'. फी ३,५०० रुपये, दुपारच्या जेवणासकट. आम्ही १८ जण होतो: वायरमन, दोन ट्रॅव्हल्सवाले, शाळेच्या बसचे चार ड्रायव्हर आणि एक गाड्यांच्या फिटनेस सर्टिफिकेटची कामं करणारा एजंट. तो सारखा फोनवर बाहेर.

एआयएस-१४० या सरकारी मानकाचे डबे, म्हणजे गाडी कुठं आहे ते कळवणारा ट्रॅकर आणि संकटात दाबायचं पॅनिक बटण, मी तीन-चार वर्षं बसवतोय. नियम नोव्हेंबर २०१६ चा. १ जानेवारी २०१९ पासून नव्या प्रवासी गाड्यांना सक्ती, रिक्षा आणि दुचाकी सुटल्या. कंपनीचा माणूस फोनवर सांगतो तसं जोडायचं: लाल बॅटरीला, काळी अर्थला, तिसरी इग्निशनला, संपलं काम. त्यामुळं 'मला काय शिकवणार' अशा थाटातच गेलो होतो.

पहिल्या तासात थाट उतरला. पॅनिक बटण 'नॉर्मली क्लोज्ड' असतं, म्हणजे एरवी सर्किट जोडलेलं आणि दाबलं की तुटतं. हॉर्नच्या बरोबर उलटं. कुणी वायर कापली तरी सर्किट तुटतं आणि इशारा जातो, म्हणून तसं केलंय. हे ऐकताना मला माझ्याकडची एक १७ सीटर आठवली. महिनाभर उगाच इशारे जात होते, मालक वैतागलेला, मी दोनदा डबा बदलायला लावला. दोष निघाला सीटखालच्या थिंबलमध्ये, म्हणजे वायरीच्या टोकाच्या जोडात, खड्ड्यात गाडी आदळली की ते सुटायचं. आमच्या लाइनीत यावर एक इलाज चालतो. बटणाकडच्या वायरीची दोन टोकं एकत्र पिळायची आणि टेप मारायची. इशारे बंद, मालक खूश. पण सर्किट मग कधी तुटतच नाही, बटण कायमचं मुकं. हे इतक्या सरळ शब्दांत मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरी कामाची गोष्ट कटऑफ स्विचची. रात्री ड्रायव्हर मेन स्विच बंद करतात. डब्याचा पॉझिटिव्ह स्विचच्या पुढून घेतला असेल, तर रोज रात्री 'बॅटरी तोडली' असा इशारा जाणार. आतली बॅटरी किमान चार तास चालावी असा नियम आहे, पण गाडी सकाळपर्यंत उभी असते. पॉझिटिव्ह थेट बॅटरीवरून, फ्यूज लावून घ्यायचा. अँटेना पत्र्याखाली दडवायची नाही हेही प्रत्यक्ष करून घेतलं. आंबोलीत नेटवर्क गेलं तर डबा नोंदी साठवतो आणि नंतर मागून पाठवतो, हे टेबलावर सिम काढून दाखवलं. तेवढ्या एका तासासाठी फी परवडली. फक्त सहा जणांत एक मीटर आणि एकच डबा, त्यामुळं मागच्यांनी माना उंचावून बघितलं.

दुसरा दिवस सगळा पडद्यावर. गाड्या ५.९ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर सेकंदाला १० वेळा आपला वेग आणि जागा आसपासच्यांना सांगतात, टप्पा साधारण ३०० मीटर. उदाहरणं अमेरिकेतली: वायोमिंगचा आय-८० महामार्ग, बर्फ काढणारे ट्रक. मला त्यात खरंच रस होता. अमेरिकेनं १९९९ मध्ये यासाठी ७५ मेगाहर्ट्झचा पट्टा राखला आणि २०२० मध्ये त्यातला ४५ वाय-फायला देऊन टाकायचं ठरवलं. २१ वर्षं कुंपण घालून ठेवलेला प्लॉट, आणि निम्म्याहून जास्त शेजाऱ्याला! पण आमच्या अनुस्कुरा घाटात बर्फ नसतं, धुकं असतं, आणि हंगामात समोर उसाच्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर असतो, मागं दिवासुद्धा नसतो. त्याच्याकडं डबा नाही म्हणजे तो बोलणार नाही. मी हे विचारलं. सर हसले आणि पुढची स्लाइड लावली.

खरा प्रश्न चंदगडकडच्या एका ड्रायव्हरनं काढला. बारीक माणूस, दोन दिवस गप्प होता, कारण नोट्स सगळ्या इंग्रजीत. तो म्हणाला, "सर, बटण दाबल्यावर ते तिकडं पोचलं, हे मला कसं कळणार? आणि पोरांनी गमतीत दाबलं तर मी कुणाला फोन करू?" उत्तर आलं, "कंट्रोल रूमला समजतं." तो खाली बसला. जो माणूस रोज ४० मुलं घेऊन जातो, त्याच्या वाट्याला दोन दिवसांत एवढंच एक वाक्य आलं.

वायरमन असाल तर पहिल्या दिवसासाठी जा, पाचात चार. ड्रायव्हरला पाठवू नका, त्यांच्यासाठी मराठीत अर्धा दिवस वेगळा ठेवेपर्यंत.

आता दुकानात गाडी देताना मी आधी संबंधितांना फोनवर कळवतो आणि मग ड्रायव्हरलाच बटण दाबायला लावतो. मोबाइलवर इशारा दिसला की बिल. गेल्या रविवारी तो चंदगडवाला बस घेऊन आला. आम्ही दाबलं, काहीच आलं नाही. तिसऱ्या रांगेची सीट उचलली तर दोन टोकं एकत्र पिळलेली, वर काळी टेप. कुणी मारली ते त्यानं विचारलं नाही, मीही नाही. कात्री घेतली.