मित्रांसोबत क्लासिक कोडी सोडवणं: काही महिन्यांनंतरचा अनुभव

आमचा पाच जणांचा ग्रुप गेले बरेच महिने आठवड्यातून एकदा जमतो, कधी समोरासमोर तर कधी व्हिडिओ कॉलवर, आणि लॉजिक नाहीतर गणिताचं एखादं जुनं गाजलेलं कोडं सोडवायला घेतो. पाचातल्या दोघांचा गणिताशी शाळेनंतर काही संबंध नाही. बरेच जण विचारतात की खरंच मजा येते का, की दोन हुशार लोक सोडवतात आणि बाकीचे बघत बसतात, म्हणून जरा सविस्तरच लिहितोय. खाली काही कोड्यांची उत्तरं फुटणार आहेत, ज्यांना स्वतः सोडवायचीयेत त्यांनी आधी सोडवून मग या.

पहिली गोष्ट म्हणजे कोडं कुठलं निवडता यावर सगळं आहे. एका वाक्यात ट्रिक असणारी, शब्दात फसवणारी कोडी ग्रुपमध्ये अजिबात चालत नाहीत. एकाला क्लिक झालं की खेळ खलास, बाकीच्यांच्या हाती काही लागत नाही. ज्यात थर आहेत, अर्धवट उत्तर चुकलं तरी त्यातून पुढचं काहीतरी सापडतं, अशी कोडी घ्या.

सुरुवातीला पूल आणि टॉर्चचं कोडं बेस्ट. चौघांना पूल ओलांडायला 1, 2, 5 आणि 10 मिनिटं लागतात, टॉर्च एकच आणि त्याशिवाय पूल ओलांडता येत नाही, एका वेळी दोघंच जाऊ शकतात आणि वेग हळू माणसाचा. जवळपास सगळे आधी 19 मिनिटांवर येऊन थांबतात, कारण सगळ्यात फास्ट माणसानेच दरवेळी टॉर्च परत आणायचा हे कुणी न सांगताच डोक्यात पक्कं बसलेलं असतं. खरं उत्तर 17. आधी 1 आणि 2 जातात, 1 परत येतो, मग 5 आणि 10 एकत्र जातात, टॉर्च 2 परत आणतो आणि शेवटी 1-2 पुन्हा जातात. खरी चर्चा इथून पुढे सुरू होते, कारण कुणीतरी विचारतंच की 16 मध्ये का नाही होणार, आणि उत्तर सापडणं वेगळं आणि त्याहून कमी होऊच शकत नाही हे पटवून देणं वेगळं, हे तिथे पहिल्यांदा सगळ्यांना जाणवतं.

आता माझं सगळ्यात आवडतं, 12 नाण्यांचं. 12 नाणी दिसायला सारखी, एक खोटं, पण ते जड आहे की हलकं तेही माहीत नाही. साधा दोन पारड्यांचा तराजू, फक्त 3 वेळा वजन करायचं, खोटं नाणं शोधायचं आणि ते जड की हलकं हेही सांगायचं. यावर आमची एक अख्खी बैठक गेली आणि पुढच्या वेळी परत तेच घेतलं. सहा-सहा ठेवून सुरू करायचा मोह प्रत्येकाला होतो. मग एकाने कागदावर शक्यता मोजल्या: 12 नाणी, प्रत्येक जड किंवा हलकं, म्हणजे 24 शक्यता. तराजूचे निकाल तीन, डावं खाली, उजवं खाली किंवा समान, म्हणजे तीन वजनांत 27 निकाल, जेमतेम पुरतात. पहिल्या वजनानंतर उरलेल्या दोन वजनांत 9 निकालच मिळतात, म्हणून 9 पेक्षा जास्त शक्यता उरल्या की गेम ओव्हर. सहा-सहा ठेवले तर 12 उरतात, पाच-पाचमध्ये पारडं झुकलं तर 10, तीन-तीनमध्ये समान आलं तर पुन्हा 12. फक्त चार-चारमध्ये दोन्हीकडून 8 उरतात. हे मोजून झाल्यावर सगळे गप्पच झाले एकदम, कारण एकही वजन न करता पहिली चाल ठरून गेली होती.

पण पुढे अडकलो. पारडं झुकलं, समजा 1 ते 4 जड बाजूला आणि 5 ते 8 हलक्या बाजूला, आता काय? इथे ग्रुपमधली एक मैत्रीण, जिला गणिताचा कंटाळा आहे असं ती स्वतःच सांगते, ती म्हणाली, "अगं मग काही नाणी इकडची तिकडे करून बघूया की." तेच उत्तर. डावीकडे 1, 2, 5 आणि उजवीकडे 3, 4, 6 ठेवायचे, 7 आणि 8 बाहेर. डावं खाली गेलं तर 1 किंवा 2 जड नाहीतर 6 हलकं, उजवं खाली गेलं तर 3 किंवा 4 जड नाहीतर 5 हलकं, समान आलं तर 7 किंवा 8 हलकं. शेवटच्या वजनात कुठलं ते कळतंच. शक्यता मोजणारा वेगळा आणि नाणं दुसऱ्या पारड्यात टाकणारी वेगळी, आणि एकट्याने बसलो असतो तर यातलं एकच काहीतरी सुचलं असतं असं मला मनापासून वाटतं.

मॉन्टी हॉल नावाच्या कोड्यावर मात्र भांडणं होतात, तयारी ठेवा. एका गेम शोमध्ये तीन दारं, एकामागे गाडी, तुम्ही एक निवडता, होस्टला गाडी कुठे आहे ते माहीत असतं आणि तो उरलेल्यांतलं एक रिकामं दार उघडून विचारतो, बदलायचं का? बदललं तर जिंकायची शक्यता दोन तृतीयांश. 1990 मध्ये अमेरिकन स्तंभलेखिका मॅरिलिन वॉस सावंत यांनी एका मासिकात हे उत्तर दिलं तेव्हा हजारो वाचकांनी चूक म्हणून पत्रं पाठवली होती, त्यात गणितात पीएचडी केलेलेही होते. तोंडी वाद घालत बसू नका, सरळ पत्त्यांतली तीन पानं घ्या आणि खेळा, एकाने कायम बदलायचं, दुसऱ्याने कधीच नाही. बरेच डाव झाले की हट्टी माणूसही आपोआप शांत होतो. फक्त होस्टला माहीत असतं ही अट आधी मोठ्याने वाचा, ती सुटली तर उत्तरच बदलतं, आणि आमचा निम्मा वाद त्यातूनच होता.

टोप्यांचं कोडं तर ग्रुपसाठीच बनलंय. सगळे एका रांगेत, डोक्यावर काळी किंवा पांढरी टोपी, प्रत्येकाला फक्त पुढचे दिसतात, मागून पुढे एकेकाने आपला रंग सांगायचा. आधी प्लॅन ठरवता येतो. सगळ्यात मागचा पुढच्या काळ्या टोप्या विषम दिसल्या तर काळी म्हणतो, नाहीतर पांढरी, त्याचं स्वतःचं नशिबावर, पण बाकीचे सगळे शंभर टक्के बरोबर सांगू शकतात. आम्ही कागदाच्या चिठ्ठ्या कपाळाला लावून हे केलं, आणि तेव्हाच बाकीच्यांना कळलं की फक्त मागच्याचं ऐकून भागत नाही, मधल्या प्रत्येकाचं उत्तर ऐकून हिशेब पुढे न्यावा लागतो.

तक्रारी पण आहेत. ज्याला कोडं आधीच माहितीये तो नुसता हसत बसला तरी बाकीच्यांचा मूड जातो, म्हणून आमच्यात तो त्या दिवशी फक्त अटी सांगतो. मोबाइल लांब. पहिली दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही, प्रत्येकाला वेगळा कागद, नाहीतर जो पटकन बोलतो त्याच्याच दिशेने सगळे जातात. व्हिडिओ कॉलवर मजा निम्मी होते, कारण समोरच्याच्या कागदावर बोट ठेवून "हे कसं काय?" विचारता येत नाही. आणि सात-आठ जण झाले की दोन गट पडतातच, चार-पाचच बरे.

आणि सुरू करणार असाल तर पहिल्याच दिवशी तर्कशास्त्रज्ञ जॉर्ज बूलॉसचं 1996 मधलं तीन देवांचं कोडं घेऊ नका, हो-नाहीचे प्रश्न विचारून त्यातला खरं बोलणारा कोण, खोटं बोलणारा कोण, वाट्टेल ते बोलणारा कोण हे ओळखायचं आणि वर त्यांचे हो-नाहीचे शब्दही अनोळखी भाषेतले, नवीन ग्रुप तिथेच तुटेल. टॉर्च, मग टोप्या, मग नाणी. आम्ही देवांचं आत्ता कुठे सुरू केलंय, पहिला प्रश्न कुणाला विचारायचा यावरच गाडी अडलीय.