शोधगंगा, शोधगंगोत्री आणि माझी सात उद्दिष्टं : सिनॉप्सिसवाल्यांसाठी रिव्ह्यू

गाईड सरांनी सिनॉप्सिस, म्हणजे पीएचडीत काय शोधणार त्याचा आराखडा, तिसऱ्यांदा परत दिला तेव्हा त्यावर लाल पेनानं एकच ओळ होती, "उद्दिष्टं सात, प्रश्न एकही नाही." शिक्षणशास्त्रात पीएचडी करतेय, फेलोशिप मिळालीय, गावाकडं सगळ्यांना वाटतं पोरगी मार्गी लागली, आणि इथं मला पुढची चार-पाच वर्षं नेमकं काय शोधायचंय ते एका पानात लिहिता येईना. त्या दोन महिन्यांत मी दोन गोष्टी वापरल्या, एक पैसे देऊन आणि एक फुकट, त्यांचा हा रिव्ह्यू.

पैशेवाली आधी उरकते. दोन दिवसांचं ऑनलाईन वर्कशॉप, २,४९९ रुपये, सर्टिफिकेटसकट, नाव घेत नाही कारण असली दहा चालू आहेत आणि जाहिरात सगळ्यांचीच सेम असते. पहिल्याच सेशनला उद्दिष्टांचा साचा मिळाला: अमुकचा अभ्यास करणे, अमुक आणि तमुक यांतील सहसंबंध शोधणे, मुलं-मुली आणि ग्रामीण-शहरी अशी तुलना करणे, शेवटी उपाययोजना सुचवणे. रिकाम्या जागा भरा. चॅटमध्ये एकानं विचारलं, सर माझा विषय भावनिक बुद्धिमत्तेचा आहे, हे चालेल का, तर उत्तर आलं "चालेल की, फक्त व्हेरिएबल बदला." मीपण भरल्या जागा. तीच ती सात उद्दिष्टं. सर्टिफिकेट मात्र झकास आलंय, सोनेरी बॉर्डरचं.

आता फुकटचं. शोधगंगा सगळ्यांना ऐकून माहीत असते पण निम्मे लोक ती फक्त संबंधित साहित्याचा आढावा भरायला उघडतात. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्रानं चालवलेलं हे पीएचडी प्रबंधांचं ऑनलाईन भांडार, यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २००९ च्या नियमांनी प्रबंधाची सॉफ्ट कॉपी देणं बंधनकारक केलं, त्यातून ते भरत गेलं, आणि आता देशभरातल्या विद्यापीठांचे लाखो प्रबंध तिथं आहेत. याच्या आधी आमच्या विषयात "बुचचे सर्व्हे" बघायचे. म. बा. बुच यांनी बडोद्याहून १९७४ साली शैक्षणिक संशोधनाचा पहिला सर्व्हे काढला, मग पुढचे आले, आमचे सर अजून त्या जाडजूड खंडांबद्दल असं बोलतात जणू घरातलं कुणी वडीलधारं माणूस. तेव्हा प्रबंधाचा सारांश मिळायचा, अख्खा प्रबंध बघायचा तर त्या विद्यापीठाची लायब्ररी गाठा. आता मी रात्री साडेअकराला गादीवर पडून दुसऱ्या राज्यातल्या कुणाचं तरी तिसरं प्रकरण वाचते.

आणि शोधगंगोत्री! नावावरूनच कळतं, गंगा जिथून निघते ती जागा. तिथं पूर्ण प्रबंध नसतात, मंजूर झालेले सिनॉप्सिस असतात, म्हणजे माणूस काम सुरू करताना काय शोधायला निघाला होता ते. सिनॉप्सिस लिहिणाऱ्यानं खरं तर आधी इथंच जायला पाहिजे. मला कुणी सांगितलंच नाही, शेवटी लायब्ररीतल्या काकांनी सांगितलं.

मी वाचायची एक पद्धत पकडली, तीच या रिव्ह्यूतली कामाची गोष्ट समजा. शोधगंगेवर प्रबंध एका फाईलीत नसतो, तुकड्यांत असतो, मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, अनुक्रमणिका, एकेक प्रकरण. आणि खाली एक फाईल असते '८०_रेकमेंडेशन' नावाची. माझ्या ओळखीतले बहुतेक जण तिला हात लावत नाहीत. त्यात मुखपृष्ठ आणि शेवटचं निष्कर्षांचं प्रकरण असतं. मी पहिल्या प्रकरणातली उद्दिष्टं वाचायचे आणि तडक ऐंशी नंबर उघडायचे, मधली दोनशे पानं नंतर. निघताना काय म्हणाला होतात आणि पोचलात कुठं, एवढंच.

असे मी शिक्षणशास्त्रातले साठेक प्रबंध बघितले, मराठी-इंग्रजी-हिंदी मिळून, आणि हळूहळू हसू यायला लागलं मग वाईट वाटायला लागलं. "उपाययोजना सुचवणे" हे शेवटचं उद्दिष्ट जिथं जिथं आहे तिथं ऐंशी नंबरमध्ये बहुतेक वेळा तीनच वाक्यं भेटतात: शिक्षकांनी विद्यार्थ्यांना प्रोत्साहन द्यावे, पालकांनी पाल्याकडे लक्ष द्यावे, शासनाने भौतिक सुविधा पुरवाव्यात. अहो हे तर आमच्या गावचे सरपंच १५ ऑगस्टच्या भाषणात सांगतात, त्याला शून्य परिकल्पना आणि ०.०५ सार्थकता स्तर असलं संख्याशास्त्र कशाला लागतंय. २००५ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला त्यानंतर ज्ञानरचनावादाची, म्हणजे मूल स्वतःच ज्ञान घडवतं या विचाराची, लाटच दिसते, एक प्रायोगिक गट एक नियंत्रित गट, पूर्व चाचणी उत्तर चाचणी, आणि नवी पद्धत जिंकते. माझ्या साठांत ती हरलेली एकदाच दिसली. त्या बाईंनी सरळ लिहिलं होतं की फरक सार्थक आला नाही, आणि मग का आला नसेल यावर अकरा पानं लिहिली होती, वर्गात बाकं हलवायलाच जागा नव्हती, गट पाडायचे कुठं, तासिका पस्तीस मिनिटांची. ती अकरा पानं मी दोनदा वाचली.

पण नुसतं संशोधकांना नावं ठेवणं सोपंय, मी त्याच रांगेत उभी आहे म्हणून कारण पण सांगते. आरएसीसमोर, म्हणजे संशोधन सल्लागार समितीसमोर, दर सहा महिन्यांनी प्रगती दाखवायची असते. फेलोशिपची मुदत ठरलेली, यूजीसीचा जेआरएफ (ज्युनिअर फेलोशिप) १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,०००, दोन वर्षांनी एसआरएफ (सिनिअर) झालात की ४२,०००, म्हणजे आकडा वाईट नाही, पण पैसे कधी महिन्याला तर कधी सहा महिन्यांनी एकदम, आणि राज्यातल्या फेलोशिपसाठी बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांची पोरं किती वेळा आंदोलनाला बसली ते सगळ्यांनी बघितलंय. अशात माणूस तयार प्रश्नावली असलेला विषय घेतो. प्रमाणित चाचणी विकत मिळते, तीनशे शिक्षकांकडून भरून आणली, दोन गटांतला फरक दाखवणारं टी-मूल्य काढलं, झालं. उद्दिष्ट असं लिहायचं की जे वेळेत "पूर्ण" झालं असं टिक करता येईल. आणि वर डिसेंबर २०२३ च्या नागपूर अधिवेशनात विधानपरिषदेत तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांच्या तोंडून ऐकायला मिळतं, पीएचडी करून काय दिवे लावणार. तेव्हा मला भयंकर राग आला होता. ऐंशी नंबरच्या फाईली वाचताना मात्र तो प्रश्न दोनतीनदा मलाच आठवला, हे कुणाला सांगू नका.

थोडं विषयांतर, पण तुलनेसाठी मी अमेरिकेतल्या नॅशनल अकॅडमी ऑफ एज्युकेशनची स्पेन्सर डिझर्टेशन फेलोशिप बघितली. वर्षाला साधारण ३५ जणांना देतात, २७,५०० डॉलर, आणि प्रत्येक फेलोच्या नावापुढं त्याच्या कामाचा एक परिच्छेद असतो, साईटवर कुणीही वाचावा असा. त्यात "अभ्यास करणे" असली यादी नसते, एखादी जागा असते, एखादा काळ असतो आणि काहीतरी पटत नसल्याची खुटखुट असते. सगळेच भारी असतात असं नाही, काही नुसते मोठमोठ्या शब्दांचे फुगे आहेत. पण आपल्याकडं फेलोशिपच्या यादीत नाव, प्रवर्ग आणि मार्क असतात, पोरगं काय शोधणार आहे याचं एक वाक्य पण नसतं. ते वाक्य छापायचं ठरलं ना, तर निम्मे सिनॉप्सिस आपोआप सुधारतील असं मला वाटतं.

कटकटीचं पण लिहिते. मराठी प्रबंध शोधताना मराठीत टाईप करून बघा, इंग्रजी स्पेलिंगनं बघा, "शैक्षणिक संपादणूक" नाही सापडलं तर "संपादन" टाका. जुने प्रबंध श्रीलिपीसारख्या युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाईप झालेत, दिसायला व्यवस्थित मराठी, कॉपी केलं की पेस्ट होताना नुसती चिन्हांची भाजी. त्यामुळं आतला मजकूर सर्चला सापडत नाही. नावानं शोधण्यापेक्षा विद्यापीठ, मग शिक्षणशास्त्र विभाग, असं एकेक पान चाळलेलं बरं, वेळ जातो पण न शोधलेलं काहीतरी हाताला लागतं. मला तसंच लागलं.

माझा विषय ऊसतोड कामगारांच्या मुलांचा, मी बीडकडचीच. जुन्या सिनॉप्सिसमध्ये पहिलं उद्दिष्ट होतं "हंगामी वसतिगृहांच्या परिणामकारकतेचा अभ्यास करणे" आणि सातवं अर्थातच उपाययोजना. आता दिवाळीनंतर टोळ्या निघतात, काही पोरं हंगामी वसतिगृहाच्या आधारावर गावात राहतात, काही शिक्षण हमी कार्ड (तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून मिळणारं) घेऊन आईबापाबरोबर जातात आणि मार्च-एप्रिलला परत येतात. परत आलेलं पोरगं वर्गात कुठं बसतं, बाई त्याला कुठून शिकवायला सुरुवात करतात, आणि हजेरीपटावर मधले पाच महिने काय लिहिलेलं असतं? हे माझ्या डोक्यात शाळेपासून होतं, माझ्या बाकावरची मैत्रीण दरवर्षी अशी जायची, पण हे उद्दिष्टात लिहायचं असतं हेच सुचलं नव्हतं. शोधगंगोत्रीवर स्थलांतरित मुलांवरचा एक सिनॉप्सिस सापडला, दुसऱ्या राज्यातला, वीटभट्टीवरचा, त्यात असाच साधा प्रश्न होता आणि तो कमिटीनं मंजूर केलेला होता! म्हणजे चालतं असं लिहिलेलं.

आता तीन उद्दिष्टं उरलीत. "उपाययोजना सुचवणे" काढून टाकताना जरा भीती वाटली, आरएसीत कुणीतरी विचारणारच, मग याचा उपयोग काय.

रेटिंग: शोधगंगोत्री पाचपैकी साडेचार, शोधगंगा चार. कापलेला एक शोधगंगेचा नाही, आपल्या जुन्या फॉन्टचा. वर्कशॉपला एक, तो पण बॉर्डरसाठी. चौथा ड्राफ्ट सरांकडं सोमवारी दिलाय, तिसऱ्या उद्दिष्टापाशी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह आलंय, लाल पेन अजून निघालेलं नाही.